ओन्नेवाचं वीजबिल

सोलापूर,
५ फेब्रुवारी २०२५

चि. वैष्णवीस,

अनेक आशीर्वाद वगैरे. 'वगैरे' अशासाठी, की घेणाऱ्याने फोन ब्लॉक केलेला असला तर आशीर्वाद कुठे जाऊन पडतात याची मला कल्पना नाही. तुझा हैदराबादचा पत्ता आयतने दिला. तिच्यावर रागावू नकोस. "काका, मेरा नाम नक्को लेव," असं तिने बजावलं होतं, आणि मी पहिल्याच परिच्छेदात ते घेतलं. पोटात काही न राहणं हा सदर लिहिणाऱ्यांचा जुना आजार आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या लेखाबद्दल हे पत्र नाही. काम आहे म्हणून लिहितोय.

मकदूमचाचांना अर्धांगवायूचा झटका आला. संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी, दुकानातच, पायाच्या अंगठ्यात रेशीम अडकवून कुणाची तरी पोत गाठवत असताना. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. दहा दिवसांनी घरी आणलं. ज्या माणसाच्या दागिने गाठवायच्या दुकानात रेशमाच्या लडींवर बसून तू चौथी ते दहावीचा अभ्यास केलास (म्हणजे केला नाहीस), त्याची बातमी तुला कुणीतरी द्यायला हवी होती. आयतला धीर होईना. नातीला आजोबांबद्दल असलं लिहिणं जड जातं. मला काही जड जात नाही, असा माझा लौकिक आहे.

रविवारी बघायला गेलो. सरफराज दारातच म्हणाला, "काका, अब्बांचं डोकं गेलं. काहीपण बोलतात. डॉक्टर म्हणतात, शिव्या तेवढ्या शाबूत राहतात, बाकीचे शब्द जातात." शिव्या खरोखर शाबूत आहेत. मला बघून त्यांनी जी घातली ती अगदी ताजी होती. पण पुढे जे सुरू झालं ते ना मराठी, ना दखनी, ना कन्नड. चांदबीचाचींनी चहा पुढे केला तर ग्लास ढकलून म्हणाले, "लुफीन." पुन्हा, "लुफीन, लुफीन." डोळ्यांत पाणी. चाची म्हणाल्या, "अजी राजशेखरभाई, इनो क्या बोलते की, कुछ समजताच नै. परसों से ऐसाच."

माझं बिस्कीट चहात पडलं.

लुफीन म्हणजे खड्यासारखा दिसणारा पण खडा नसलेला. काच, थोडक्यात खोटा. तुझ्या वहीतली नोंद. मी विचारलं, "चाची, चहात साखर आहे का?"

"डॉक्टर मना करे ना जी."

"अर्धा चमचा घाला."

चाचा प्यायले. डाव्या हाताने माझा गाल थोपटला आणि परत तीच शिवी दिली, या वेळी मायेने.

लांब कानांचे, झाडांवर राहणारे, हजार वर्षं जगणारे ते तुझे एल्फ. त्यांची भाषा तू अकराव्या वर्षी बनवायला घेतलीस आणि त्यात नुसते हिऱ्या-माणकांचेच शब्द दीडशे केलेस. ते तू त्या म्हाताऱ्याला शिकवले होतेस, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं तू तिथे मणी मोजतेस. आता त्याच्या डोक्यातलं सगळं सामान वाहून गेलंय आणि तेवढा एक डबा कोरडा राहिलाय. तो डबा उघडून म्हातारा घरच्यांशी बोलू बघतोय, आणि घरचे एकमेकांकडे बघून मान हलवतात. ते त्याला कळतं. ऐकू सगळं येतं त्याला.

सरफराज दुकान बंद करून त्यांना विजापूरला बहिणीकडे ठेवायचं म्हणतोय. "वेड्या माणसाला सांभाळायला घरात कोण आहे," हे तो त्यांच्यासमोरच बोलला.

मला चौदा शब्द येतात. लेखात घेतले होते तेवढेच. थट्टा केली म्हणून पाठ आहेत, कौतुक केलं असतं तर विसरलो असतो. पण चाचा चौदाच्या बाहेरचं बोलतात. वह्या तू नेल्यास. तेव्हा यादी पाठव. मला नाही, त्यांना.

तुझा बाप,
राजशेखर


१७ फेब्रुवारी

वैष्णवी,

यादी पोचली. आयतच्या नावाने, टाइप केलेली, अकारविल्हे, चार पानं. पाकीट मी दोनदा उलटं करून झटकलं. माझ्यासाठी ओळ नव्हती. असणारच नव्हती. मी आपलं झटकलं.

आता रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की सात रस्त्यावरून सरळ त्यांच्या घरी जातो. आयत यादी हातात धरून मास्तरणीसारखी बसते, चाचा बोलतात, ती शोधते, मी मध्ये बोलून शिव्या खातो. तुझ्या एल्फ लोकांकडे भाकरी, चप्पल, संडास यांना शब्द नाहीत, ही मोठीच अडचण आहे. हजार वर्षं जगायचं आणि संडासला जायचं नाही. पण चाचांनी वाट काढली आहे. तिरवेल म्हणजे माणिक, तर लाल ते सगळं तिरवेल: पान, औषधाची बाटली, गॅसची टाकी. नुमाले म्हणजे मोती. चाचींना ते नुमाले म्हणतात. पन्नास वर्षं "अगे सुनती क्या" म्हणून हाक मारणारा माणूस आता बायकोला मोती म्हणतो. चाची पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "झटका पहलेच आता तो क्या बिगडता था."

काल ते अंगठा दाखवून "केंदूर, केंदूर" करत होते. यादीत: पोवळं, समुद्राचं हाड, आणि मकदूमचाचांचं नाव. आयत म्हणाली, "दादा अपना नाम बोल रे." मग तिने पायाच्या अंगठ्यात रेशमाची लड अडकवून दिली. डाव्या हाताने त्यांनी एक गाठ मारली. वाकडी. पण मारली. सरफराज दारात उभा होता. त्याने विजापूरला फोन लावून सांगितलं की इतक्यात येत नाही.

हे तुझ्या यादीने केलं. नोंद व्हावी.

म्हणजे तुझ्या भाषेत प्रत्येक माणसाला एकेक खडा आहे, हेही मला कालच कळलं. आयतने माझाही शोधला. "उदुर्ने: गारगोटी. दागिन्यात बसत नाही. घासली की ठिणगी पडते. जवळ ठेवावी, पण रेशमापासून लांब." वाचताना पोरगी इतकी हसली की चाची आतून लाटणं घेऊन आल्या. मी म्हटलं, "यात हसण्यासारखं काय आहे?" आयत म्हणाली, "काका, ये तो तुम्हीच."

बाराव्या वर्षी लिहिलेलं दिसतंय. माझ्यावर आजवर झालेली समीक्षा यापेक्षा लांब आहे, खरी मात्र नाही.

एक अडलंय. मी खोलीत शिरलो की चाचा एकच शब्द बोलतात. दुसरं कुणी आलं तर नाही, माझ्याकडे बघूनच. ओन्नेवा. यादीत तो नाही. राहून गेला असेल. आपल्या लेखाचं नावच होतं की ते, 'ओन्नेवाचं वीजबिल'. मला तुझ्या वहीतला अर्थ अंधूक आठवतो: स्वयंपाकघरातल्या उजेडाचा खडा, दिवसा दिसत नाही. त्यावरच मी कोटी केली होती, की दिवसा दिसत नाही आणि रात्री मीटर पळवतो असा खडा वीज कंपनीकडे आधीपासून आहे. लोक खूप हसले होते. मंगळवेढ्याहून एका हेडमास्तरांचा फोन आला होता.

लेख छापून आला त्या दिवशी तू एकदाच बोललीस. "अप्पा, कुठला शब्द वर घेतलाय ते बघा." मी म्हटलं, बघितलाय, चांगला लांबलचक आहे, मथळ्यात शोभतो. मग तू फोन ठेवलास.

तर त्याचा अर्थ कळवावा. चाचांसाठी.

अप्पा


२६ फेब्रुवारी

वैष्णवी,

उत्तर आलं नाही. आता त्याची गरज उरली नाही.

सोमवारी गेलो तर चाचा दुकानात होते. सरफराज त्यांना रोज तासभर खुर्चीवर बसवून आणतो. मी नेहमीसारखा पायरीखाली, स्कूटरवर एक पाय टेकून. गेली पंधरा वर्षं मी त्या दुकानाशी असाच बोलतो. तुला न्यायला यायचो तेव्हाही हॉर्न वाजवायचो. चाचा म्हणायचे, "अंदर आव ना, काम है." मला वाटायचं पान खायला बोलावतात. मी म्हणायचो, घाई आहे.

चाचांनी मला बघितलं, म्हणाले, "ओन्नेवा." मी हात जोडून म्हटलं, "चाचा, तो यादीत नाही." त्यांनी ती जुनी शिवी दिली. मग डाव्या हाताने गल्ल्याखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला, गुडघ्यांत धरून झाकण काढलं आणि आतली कापडाची पुरचुंडी माझ्यापुढे धरली. मी खाली उभा होतो, हात पोचत नव्हता. पायरी चढावी लागली.

आत बोरमाळ होती.

चाची बाजूला रेशीम पिंजत बसल्या होत्या. त्या सांगत गेल्या, माझ्याकडे न बघता. तुझी आई गेली त्या दिवशी दवाखान्यात अंगावरचं काढताना बोरमाळेचा दोरा तुटला. मणी नर्सने रुमालात बांधून दिले. तो रुमाल मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला, हे मला आठवतं. ती फळी मी त्यानंतर उघडली नाही, हेही आठवतं. दहा वर्षांच्या पोरीने स्टुलावर चढून तो काढला आणि तिसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यात घालून चाचांकडे नेला, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

"सैंतीस मणी थे," चाची म्हणाल्या. "इनो बैठके ओवे. लेकिन तुमकू मालूम ना, हमारे दुकान का कायदा. आखरी गाठ घरवाले खींचना. दुकानदार गाठ मारा तो माल दुकान का रहता, घर का नै होता. इनो छोरीकू बोले, खींच. छोरी बोली, अप्पा आंगे, फिर खींचेंगे. दो जने मिलके."

पंधरा वर्षं ती बोरमाळ डब्यात पडून आहे. दोन टोकं मोकळी. उसवू नयेत म्हणून चाचांनी त्यांना मेण लावून ठेवलंय. दर दिवाळीला नवं मेण.

"रोज दुपार में बैठती थी," चाची म्हणाल्या, "हात में लेके. अम्मा से बाता करती थी कन्नड में. तुमारे घर में तो मराठीच ना. फिर थोडे दिनां बाद कन्नड भी भूलने लगी. एक दिन रोने लगी, बोली, चाची, अम्मा का बोलना याद नै आरा. तबसे वो अपनी खुदकी बोली बनाने लगी. पहिला लफ्ज येच था."

तुझ्या आईचं, गौराचं, कन्नड सीमेवरच्या दुधनीचं. वाक्य संपताना जरा वर जाणारं, कुणालातरी हाक मारल्यासारखं. आमच्या घरात तीन पिढ्या मराठी. मला जेवढं कन्नड येतं ते भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं. लिंगायताच्या घरात पोरीचं नाव वैष्णवी ठेवायचा हट्ट तिचा, आणि त्यावर लोकांनी मला टोमणे मारले की ती स्वयंपाकघरातून कन्नडमध्ये उत्तर द्यायची, ते मला कळायचं नाही आणि लोकांना कळायचं. संध्याकाळी तू ओट्यावर पाय हलवत बसायचीस, ती भाकरी थापायची, तुमचं दोघींचं ते चाललेलं असायचं. मी बाहेरच्या खोलीत सदर लिहीत असायचो. दिवा फक्त स्वयंपाकघरात असायचा, कारण बाहेरची ट्यूब मी वर्षभर बदलली नव्हती.

स्वयंपाकघरातल्या उजेडाचा खडा. दिवसा दिसत नाही.

प्रत्येक माणसाला एक खडा. आणि मी तुझ्या आईला मथळ्यात घेऊन तिचं वीजबिल काढलं, हजार लोकांना हसवलं, आणि तू फोन करून एकदा सांगितलंस तरी पुन्हा बघितलं नाही. यादीतून तो तू काढलास ते विसरून नव्हे, हे कळायला मला आठवडा लागला.

चाचांनी दोन्ही टोकं माझ्यापुढे धरली. मी ओढली नाहीत. एकट्याने ओढायची नव्हती.

मला माहीत नव्हतं, वैष्णवी. एवढंच म्हणायला लिहितोय. मला खरंच माहीत नव्हतं.

अप्पा

ता.क. या आठवड्याचं सदर दिलेलं नाही. संपादकांना सांगितलं, वीज गेली होती.


१० मार्च

वैष्णवी,

काल तू येऊन गेलीस.

पाण्याचा दिवस होता. मी घरी टाक्या भरत होतो, दोन गल्ल्या पलीकडे. तू सकाळच्या गाडीने आलीस, चाचींच्या घरी बसलीस, चाचांना एल्फ लोकांच्या भाषेत काहीतरी सांगितलंस त्यावर ते तासभर हसत होते, आणि दुपारच्या गाडीने गेलीस. हे मला आज सकाळी आयतने सांगितलं. या वेळी तिने नाव घेऊ नको असं म्हटलं नाही.

मागच्या पत्राच्या शेवटी मी एक खोटं लिहिलं आहे. आधी ते.

मला माहीत नव्हतं असं लिहिलंय. तुझ्या भाषेत खडा म्हणजे माणूस हे तेव्हा माहीत नव्हतं, खरं. पण तुझ्या वहीत त्या शब्दाखाली पेन्सिलीने काढलेलं एक चित्र होतं. गोल गोल मण्यांची माळ, दोन्ही टोकं सुटलेली. ती बोरमाळ कुणाची हे मला बघताक्षणी कळलं. मंगळागौरीचा बघ, लग्नातला बघ, माझ्याकडे तिच्या प्रत्येक फोटोत ती आहे. मी पान उलटलं. लेख द्यायला दोन तास उरले होते आणि मथळा फार चांगला जमला होता. इतकंच. याच्यावर सारवासारव करता येईल अशी दोन वाक्यं मला आत्ता सुचली आहेत. ती लिहीत नाही.

आता आजचं.

चाचींनी दुकानावर बोलावणं धाडलं. रोजे चालू आहेत, तरी माझ्यासाठी चहा टाकला होता. चाचांना डॉक्टरांनी रोजा मना केलाय म्हणून ते सगळ्या जगावर चिडलेले, "लुफीन" म्हणून स्वतःच्याच छातीवर बोट आपटत होते. पुढे बोरमाळ. चाची म्हणाल्या, "एक टोक छोरी खींचके गई. बोली, दूसरा अप्पा का."

मी पायरी चढलो. आज कुणी सांगितलं नव्हतं.

चाचांनी माळेचा मधला भाग पायाच्या अंगठ्यात अडकवला. दोरा ताणलेला होता. तुझ्या बाजूची गाठ अर्धी बसलेली. माझ्या बाजूचं टोक मेण लागून कडक झालेलं. ते मी दोन बोटांत धरलं आणि बाराशे सदरं लिहिलेली बोटं घसरली. चाचांनी शिवी दिली. दुसऱ्यांदा धरलं आणि ओढलं. आवाज होत नाही काही. रेशीम रेशमात जाऊन बसतं, तेवढंच.

चाचा म्हणाले, "ओन्नेवा." मग अंगठा सोडवून माळ त्यांनी पुन्हा डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. मी विचारलं, घरी नेऊ का. डावा हात आडवा हलवला. सरफराज हसून म्हणाला, "काका, दोन जणांनी ओढली की दोन जणांनी न्यायची. त्यांचा कायदा." हा कायदा चाचांनी आजच केला असावा असा मला संशय आहे. पण मी अपील करणार नाही. पुढच्या वेळी येशील तेव्हा आधी कळव किंवा कळवू नकोस. पाण्याच्या दिवशीही मी टाक्या सोडून येईन.

निघताना आयतने यादी पुढे केली. चौथ्या पानाखाली, टाइपात नाही, तुझ्या अक्षरात एक शब्द वाढला होता. ओन्नेवा. अर्थाचा रकाना कोरा.

"दीदी बोली, ये काका भरेंगे," असं म्हणून तिने पेन दिलं.

चाचींनी चहा दोनदा गरम केला. शेवटी लिहिलं: वैष्णवीची आई, गौरा.

त्याच्यापुढे एक विनोद सुचला होता. चांगला होता. लिहिला नाही.

उदुर्ने